सज्ज्याचं काम

वडिलांनी घर घेतलं ते एका विणकर कुटुंबाकडून. ती माणसं घरात तेलुगू बोलायची. खाली माग आणि वर राहायची खोली. मुलं भिवंडीला गेल्यावर त्यांनी घर विकायला काढलं. वरच्या मजल्याला गल्लीच्या अंगाला लाकडी सज्जा होता, आणि वडिलांचा जीव जडला तो त्या सज्ज्यावरच. फळ्या वाळवीनं पोखरलेल्या, कठड्याला हात लावला की तो डुलायचा. तरी वडील म्हणायचे, "एकदा दुरुस्त झाला की संध्याकाळी इथं खुर्ची टाकून बसायचं."

आम्ही बौद्ध. वडील सरकारी कचेरीत कारकून. वस्ती सोडून मिश्र गल्लीत राहायला आलेलं आमच्या नात्यातलं पहिलं घर आमचं. दुष्काळ नुकताच सरला होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

सुतार मिळेना. पहिला आला, मापं घेतली, सोमवारी येतो म्हणाला आणि आलाच नाही. दुसऱ्याला बैठकीच्या खोलीत बसवलं. त्याची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली आणि त्याला एकदम आठवलं, की हातात लई काम हाय. तिसऱ्यानं तर दुकानातूनच हात हलवला. घरी आल्यावर वडील म्हणायचे, "लग्नसराई आहे, कारागीर मिळत नाहीत." 

शेवटी एक मिळाला. मूळचा मंद्रूपचा, नवी पेठेच्या मागं त्याचं दुकान होतं. शेताच्या कामासाठी तो वडिलांच्या कचेरीत खेपा घालायचा. माणूस बोलका. आल्या आल्या फळ्यांवर हातोडीची मूठ ठोकत फिरला आणि म्हणाला, "सायेब, तुळया धडक्या हायत. फळ्या नि कठडा बदलू. नवा होतोय बघा." वडील एवढे खूश झाले, की त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले.

आईला आनंद झाला तो वेगळाच. घरात कपबशा होत्या, पण तिनं त्याच्यासाठी निळ्या काठाच्या नव्या आणल्या. साखर रेशनची, मोजून वापरायची. घरातल्यांचा चहा गुळाचा आणि सुताराचा तेवढा साखरेचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. ती कप घेऊन वर जायची. तो मान वर न करता म्हणायचा, "ठेवा तितं वैनी. गार झाला की घेतो." थोड्या वेळानं कप रिकामा. पाण्याचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या तो स्वतःचा आणायचा. आई म्हणायची, "बाहेरचं पाणी बाधत असेल. पण चहा घेतो बिचारा."

एका सकाळी उंबऱ्यापुढं झाडताना तिला मुंग्या दिसल्या. सज्ज्याखालच्या चुन्याच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग वर चढत होती, आणि रांगेखाली तपकिरी ओघळ होते. काही वाळलेले, एक आदल्या दिवसाचा. आईनं वर पाहिलं. बरोबर वर, नवी फळी बसायची राहिली होती तिथं फट होती. तिनं बोट ओघळावर फिरवून नाकाशी नेलं. मी दारातच उभी होते. ती मला म्हणाली, "बादली आण." दोघींनी भिंत धुतली. डाग काही गेला नाही.

त्या दिवशी चहा झाला नाही. दुपारी सुतारानं वरून विचारलं, "वैनी, आज चहा न्हाय व्हय?"

आई जिन्यानं वर गेली. मी मागोमाग.

"आज मीच ओतला भिंतीवर," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला मधे त्रास?"

तो हसला. मग हसू विरलं. "तसं काय न्हाय वैनी. माझ्या पोटाची तक्रार हाय."

"मग पहिल्या दिवशी सांगायचं की. मी पाणी दिलं असतं." तिनं त्याच्या तांब्याकडं पाहिलं. "पाणी घेतलं असतं?"

त्यानं वाकस, पटाशी, रंधा एकेक करून पिशवीत घातला. जिना उतरताना म्हणाला, "आमी कामाला आलो हुतो. खायाप्यायला न्हाय."

संध्याकाळी वडील आले. कठडा दोन बाजूंना उभा, तिसरी बाजू मोकळी. आईनं जे घडलं ते सांगितलं. मला वाटलं, आता ते चिडून त्याच्या दुकानावर जातील. ते चिडले, पण आईवर.

"बोलायची काय गरज होती? एवढं बोलून मिळालं काय?"

"तो चहा ओतून देत होता."

"माहीत आहे मला." वडील चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "काम घेतानाच त्यानं सांगितलं होतं. सायेब, घरात काही घ्यायचा आग्रह करू नका. मी बरं म्हटलं."

आई म्हणाली, "आणि मी रोज दोनदा चहा करत होते, ते तुम्ही बघत होतात."

"सांगितलं असतं तर तू त्याला पायरी चढू दिली असतीस?" वडिलांचा आवाज चढला. "कचेरीत माझा पेला वेगळा असतो. खिडकीत, पालथा. शिपाई वरून धार धरतो. इतकी वर्षं मी पितोय. काय करू, नोकरी सोडू?"

ही गोष्ट आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हती. आई स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री तिनं वाढलं, पण स्वतः जेवली नाही. वडिलांनीही तिला जेव म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील सुताराच्या दुकानावर गेले. चिडायला नाही, विनवायला. तो आला नाही; उरलेलं लाकूड मात्र हातगाडीवरून पाठवून दिलं. काही महिन्यांनी तिसऱ्या बाजूला लोखंडी कठडा बसला. वेल्डिंगवाल्यानं चहा मागून घेतला. तो प्यायला की नाही हे बघायला आई थांबली नाही.

वडील रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचायचे. येणारेजाणारे नमस्कार करायचे. आई त्या सज्ज्यावर कधी गेली नाही. कपडेसुद्धा मागच्या अंगणात वाळत घालायची. दोघांचं बोलणं पुढं कामापुरतं होत राहिलं, आणि तेही कमी कमी होत गेलं.

बी.ए. झाल्यावर एकदा नवी पेठेत कापड घ्यायला गेले असताना त्या सुतारानं मला ओळखलं. स्वतःहून पुढं आला. "सायेब बरे हायत का? त्यांनी माझं शेताचं काम लई नीट करून दिलं. देवमाणूस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची आई जरा तापट हाय बघा."

मी म्हटलं, "घरात एकटी तीच आहे तशी."

तो समजल्यासारखी मान हलवत राहिला. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं बोलतेय.