कडी नसलेला टाक

धाकट्या बहिणीच्या पैंजणांचा टाक सोनाराकडून करून घ्यायचा होता. तो मी जळगावात एका हौशी लोकांच्या वर्गात बसून स्वतःच्या हातानं केला. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली लहानशी आकृती. देवांचे टाक देव्हाऱ्यात असतात, घरातल्या गेलेल्या माणसांचेही असतात. पण पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तर पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडे रीत आहे, धाकटीच्या सासरीही आहे. गळ्यातल्या टाकाला वर एक बारीक कडी असते, दोऱ्यात ओवायला. चांदी पहिलीच्या माहेरची लागते. टाक घातला की दुसरी त्या माहेरची लेक ठरते. तिला दिवाळीची साडी तिथून जाते, आणि पहिलीचा जीव, म्हणतात, शांत राहतो.

धाकटी चोपड्याला दिलेली होती. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मेहुण्यांनी वर्ष उलटल्यावर दुसरं लग्न केलं, पहूरकडची मुलगी. लग्नाआधी त्यांनी धुळ्याला येऊन वडिलांच्या पाया पडून विचारलं होतं. वडील हो म्हणाले, पण टाकाचं काही बोलले नाहीत. कपाटात धाकटीचे पैंजण होते, तिच्या सासरहून परत आलेले. ते बाहेर काढायला आमच्यापैकी कोणाचा हात होत नव्हता.

मग या उन्हाळ्यात तिच्या सासूचा फोन आला. वडिलांनी मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर लावला. "आबा, नवीले दिवस गयात. पोर घाबरेल शे. आते तरी टाक धाडा."

मी परगावी एका कॉलेजच्या ग्रंथालयात असते. सुटीला धुळ्याला आले होते. वडिलांनी पैंजण रुमालात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आपल्या सोनाराकडे दे. होईल तेव्हा तूच घेऊन जा चोपड्याला. मला तिथं बसवणार नाही."

सोनाराकडे ठसा असतो. पत्रा त्याच्यावर ठेवून ठोकला की दोन्ही हात वर केलेली बाई उठते, सगळ्यांच्या बायकांसाठी तीच बाई. मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले. त्याच आठवड्यात फोनवर एक जाहिरात पाहिली होती. जळगावात सराफ बाजारात दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक वर्ग चालतो, अजिंठ्याला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांसाठी; दोन दिवसांत चांदीचा दागिना स्वतः घडवा. वडिलांना सांगितलं, सोनार दोन दिवसांनी देतोय, तोवर जळगावच्या मैत्रिणीकडे राहून येते आणि तसाच टाक घेऊन पुढं जाते. खोटं त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं असं मला एसटीत वाटत होतं.

वर्ग घेणारी त्या मारवाडी घरातली सून होती. जयपूरला शिकून आलेली, बडबडी. माझ्याशिवाय एक निवृत्त गृहस्थ होते, बायकोसाठी अंगठी करायला आलेले.

"ताई, तुम्हाला काय करायचंय? कानातलं?"

"पेंडंट," मी म्हणाले.

तिनं रुमाल सोडला. "पैंजण कोणाचे?"

"बहिणीचे."

"तिला विचारलंय ना? माझ्या बहिणीचे वितळवले तर ती मला वितळवेल."

"ती काही म्हणणार नाही," मी म्हणाले. हे तसं खरं होतं.

घुंगरं हिणकस म्हणून तिनं ती काढून बाजूला ठेवली. साखळ्या तुकडे करून मुशीत घातल्या, वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि गॅसची बत्ती माझ्या हातात दिली. साखळ्या आधी काळवंडल्या, मग एकमेकींवर ढेपाळल्या, आणि एका क्षणी सगळं ओढलं जाऊन एक चकचकीत थेंब झाला, पाऱ्यासारखा हलणारा. मला वाटलं होतं, या वेळी रडू येईल. घरून निघताना मी त्याचीच तयारी करून निघाले होते. रडू आलं नाही. मी म्हणाले, "काय सुंदर दिसतंय हो." आणि थेंब पुन्हा हलावा म्हणून मूस थोडी कलती केली.

त्यानंतरचा सगळा दिवस मी आनंदात होते. हे लिहिताना हात अडतो, पण तसंच होतं. थंड झालेली लगड ठोकायची, कडक झाली की पुन्हा तापवायची, पुन्हा ठोकायची, रुळातून काढून पत्रा करायचा. हातोडीचा आवाज नीट बसला की कानाला कळायचं. ते गृहस्थ अंगठीचा वेढा पुन्हापुन्हा मोठा करत होते. शिकवणारी म्हणाली, "काका, अंगठी आहे की बैलाची वेसण?"

"तिचं बोट तुम्ही पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मग तिला काय सांगून आलात?"

"बँकेत पासबुक भरून आणतो म्हणालो. दोन दिवस रांग आहे."

मी इतकी मोठ्यानं हसले की खालच्या दुकानातून कोणीतरी वर डोकावून गेलं. दुपारी त्यांनी बायकोनं दिलेला डबा उघडला, भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि आम्ही तिघांनी खाल्लं. भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना लक्षात आलं, सकाळपासून धाकटीची आठवण झाली नव्हती. तिच्या पायातलं हातात घेऊन बसले होते आणि ती आठवली नव्हती. ती गेल्यापासून असा एक दिवस गेला नव्हता. तो या दिवशी यावा याची लाज वाटली. तरी तुकडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पत्रा राळेवर चिकटवून आकृती उठवायची होती. मी हात वर केलेली बाई काढली नाही. धाकटी दारात उभी राहायची तशी काढली, एका पायावर भार देऊन, एक हात कमरेवर. छिन्नी नवी, हात नवा. मान वाकडी झाली, तोंड तर झालंच नाही. पण कमरेवरचा हात तिचा होता.

शिकवणारीनं वाकून पाहिलं.

"ताई, हे पेंडंट नाही. हा टाक आहे."

मी मान हलवली.

"बहीण?"

"हो."

"आणि हा दुसरीच्या गळ्यात?"

"हो."

"आमच्यातही आहे," ती म्हणाली. "माझ्या काकीसासूच्या गळ्यात आहे. आंघोळीला पण काढत नाही. टीव्ही बघताना त्याच्याशी बोलते. 'बघ गं, ही सून कशी बोलते सासूला.'"

ती हसली. मला हसू आलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की एका बाईच्या गळ्यात जन्मभर दुसरी बाई बांधलेली आहे. अशा रिवाजांबद्दल मी पुष्कळ वाचलेलं होतं, आणि वाचलेलं सगळं त्या वेळी मदतीला धावून आलं. कोण कुठली पहूरची पोर, पोटात बाळ, आणि तिच्या छातीवर बाळंतपणात मेलेली बाई लटकवायची. हे थांबवायला पाहिजे, असं मी ठरवलं. त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. कमरेवर हात ठेवून उभी असलेली माझी बहीण कोणाच्या गळ्यात गेलेली मला नको होती.

कडी लावायचं काम शेवटी असतं. कडी जागेवर ठेवायची, डाक म्हणजे जोड देणारा चांदीचा कण मध्ये ठेवायचा, बत्ती फिरवायची. कण चमकून पळाला की बत्ती तत्काळ बाजूला. शिकवणारीनं ते मला दोनदा सांगितलं. कण चमकला. मी बत्ती बाजूला घेतली नाही. कडी मऊ झाली, आकृतीच्या डोक्यावर बसली आणि तिचा एक गोळा झाला.

"अरेरे," ती म्हणाली. "काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे. गोळा घासून दुसरी लावू."

"राहू द्या," मी म्हणाले.

"अहो, मग घालणार कशी?"

"देव्हाऱ्यात ठेवतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टाक तुरटीच्या पाण्यात उकळायला टाकला. अंगठीवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, करून घ्या. घरची कामं अर्धी ठेवू नयेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी चोपड्याला पोहोचले. धाकटीच्या सासूनं पाणी दिलं, टाक हातात घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला.

"कडी कोठे शे, माय?"

"लावताना वितळली," मी म्हणाले. "आता देव्हाऱ्यातच ठेवा, मावशी. तेच बरं. रोज पूजा होईल."

"धुयाना सोनारले कडी लावता येत नही?" ती मेहुण्यांकडे वळून म्हणाली. "आनि ही कशी उभी शे, भांडाले निंघेल बाईसारखी?"

मेहुणे टाकाकडे बघत राहिले. "ती अशीच उभी राहायची," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

ज्या सोनाराकडे मी गेलेच नव्हते त्याची नालस्ती मी ऐकून घेतली. सासूनं टाकाला हळदकुंकू लावून तो देवांच्या शेजारी ठेवला. नवी दाराशी उभी होती. बारीक, सावळी, ओटीपोटावर पदर ओढलेला. तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत गेली. मला वाटलं, सुटली.

चहाची रिकामी कपबशी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती भांडी आवरत होती. मी उगीच म्हणाले, "गळ्यात काही नसलं की बरं, नाही का? उकाडा किती आहे."

ती वळली नाही. "अक्का," ती म्हणाली. मला अक्का म्हणणारी एकच होती. "तुम्ही मले विचारलं असतं तर?"

"काय विचारायचं?"

"मी घालणार व्हते. लगन झाल्यापासून वाट पाह्यतेय. दुसऱ्या महिन्यात रक्त गेलं तव्हा सगळे म्हणे, पहिलीला बसायला जागा नाही, म्हणून ती पोटाशी येते."

"अगं, तसं काही नसतं. ती असं कोणाचं करणार नाही."

"तुमचं नाही करणार. तुमची बहीण व्हती ती." तिनं पातेलं पालथं घातलं. "माझी कोण व्हती? या घरात तिची पातेली, तिची खाट, तिचा नवरा. मी सगळं तिचं वापरते आन् ती माझी कोणीच नाही. टाक घातला की माझी व्हते."

पुस्तकांत वाचलेलं एक वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, ते तिथंच राहिलं. तिच्यासाठी मी जे केलं असं मला वाटत होतं, त्यात ती कुठंच नव्हती. मी तिला एकदा फोनही केला नव्हता.

"इथं सोनार आहे ना?" मी विचारलं.

"हाये."

"आत्ता उघडा असेल?"

तिनं हात पुसले. सासूला म्हणाली, अक्कांबरोबर बाजारात जाऊन येते. देव्हाऱ्यातून टाक स्वतःच काढून घेतला, कुंकवासकट.

चोपड्याचा सोनार म्हातारा होता, घाईत नव्हता. टाक उलटासुलटा करून म्हणाला, "कुठं केला हा?"

"धुळ्याला," नवी म्हणाली.

"सोनारानं नाही केलेला. नवशिक्याचं काम आहे. इथं बत्ती लई वेळ धरली." त्यानं डोक्यावरच्या गोळ्यावर नख टेकवलं, मग कानस घेतली.

नवी माझ्याकडे बघत होती हे मला न बघता कळत होतं. मी समोरच्या काचेतल्या जोडव्यांकडे बघत राहिले. गोळा घासून गेला, नवी कडी बसली. त्यानं काळा दोरा ओवून टाक तिच्या हातात दिला. तिनं तो माझ्यापुढं धरला आणि पाठ वळवली. तिच्या मानेवर घामाचे बारीक केस चिकटले होते. मला गाठ नीट मारता येईना. पहिली सुटली. दुसरी बसली. तिनं टाक पदराखाली सरकवला आणि वरून हात दाबून धरला, अंगाला पाणी गार लागल्यावर धरतात तसा.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "तुम्हीच केला ना?"

"हो."

"कडी मुद्दाम नाही लावली."

"हो."

केळी भरलेला एक ट्रॅक्टर जाईपर्यंत आम्ही कडेला थांबलो.

"सासूबाईंना नका सांगू," ती म्हणाली. "त्यायनं दुपारपासून धुळ्याच्या सोनाराला शिव्या घातल्यात. आता परत घ्याव्या लागतील."

मी हो म्हणाले. मग तिनं विचारलं, "अशी कमरेवर हात ठेवून कव्हा उभी राह्यायची ती?"

"कोणावर रागावली की," मी म्हणाले.

"मग आज तुमच्यावर रागावली असंल."

"असेल," मी म्हणाले.