ताईची सकाळची पेज

"पॅन्क्रियाजमध्ये मास दिसतोय," डॉक्टर म्हणाले. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड आणि मास म्हणजे गाठ, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती मान हलवली. न कळता मान हलवण्यात माझा हात धरणारा लालबागमध्ये कोणी नाही. रिपोर्ट ताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. शेजारी बसलेल्या तिने सरळ विचारलं, "बरा होतला काय?" डॉक्टरांनी कीमोचं वेळापत्रक सांगायला घेतलं. तिला उत्तर मिळालं.

कीमो सुरू झाल्यावर ताईची भूक फक्त सकाळपुरती उरली. वाटीभर पेज आणि भाजलेल्या सुकटीची चिमूट. दुपारपासून मळमळ, मग पाणीही नको. वजन फार उतरलं तर कीमो थांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे सगळी मदार त्या वाटीवर.

आणि स्कॅन नेमका सकाळी. कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढायचा स्कॅन. परळच्या त्या हॉस्पिटलात सांगत, चार तास उपाशी या. आमच्या घरात उपास म्हटला की त्याचं व्रत होतं. मी आदल्या रात्रीपासूनच ताईचं खाणं बंद केलं आणि सोबत म्हणून स्वतःचंही. नंबर लागेपर्यंत दुपार झाली. बाकावर चक्कर आली ती मला.

"मेल्या, फोटो माझो काढूचो आसा," ताई म्हणाली, "तू कित्याक उपाशी?"

त्या दिवशी ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशीही दोन चमच्यांवर गेली नाही.

पुढच्या स्कॅनच्या आधी मी सीटीच्या टेक्निशियन डिसोझा मॅडमना गाठलं. उपाशी राहायलाच हवं का?

"खरं सांगू? ह्या स्कॅनला गरज नाही," त्या म्हणाल्या. "बराच रिसर्च झालाय त्यावर. हलकं खाऊन आलेल्यांना काही जास्त उलट्या होत नाहीत. आम्ही मीटिंगमध्ये वाचूनपण दाखवलं."

"मग?"

"सगळे हो म्हणाले. मग चहा आला." त्या हसल्या नाहीत. "टेबलावर एखाद्याला उलटी झाली तर विचारणार आम्हालाच ना. म्हणून जुनं तेच चालू."

तरी त्या आत जाऊन स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना विचारून आल्या. "पेज चालेल. पण बाहेर बोलू नका हां, सगळे रांग लावतील."

त्या सकाळी ताईने वाटी निपटून खाल्ली. उलटी वगैरे काही झालं नाही. त्या वाटीसाठी मी डिसोझा मॅडमचा जन्माचा ऋणी आहे.

रिपोर्टमध्ये गाठ लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात, पसरलेली होती. कीमोचा उपयोग होत नाही, आता स्कॅनचीही गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी ताईला सांगितलं, "आता उपास नाही हां कधी." काहीतरी चांगलं सांगायचं होतं, एवढंच सुचलं.

तुमच्या घरात कोणाचा स्कॅन असेल तर आधी विचारा. काही तपासण्यांना पोट रिकामं लागतंच, तेव्हा मनाने ठरवू नका. पण विचारा.

ताई गेल्यावर मॅडमचे आभार मानायला गेलो. त्या आत कामात होत्या. बाकावर एक बाई नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याला समजावत होती, "थोडं थांबा, उपाशीपोटीच लागतं." मी तिला म्हटलं, एकदा आत विचारून बघा, कदाचित खाल्लेलं चालेल.

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही."

तिने मांडीवरचा बिस्किटांचा पुडा पिशवीत घातला आणि पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली.