हिरव्या फेल्टावरची परीक्षा

“तो डबा काढा,” मी तिसऱ्यांदा म्हणालो.

“हो जी,” लटारीभाऊ हसून म्हणाले, आणि डबा होता तिथेच राहिला.

डबा सिगारेटचा होता, गोल, पत्र्याचा. तारयंत्राच्या मागे खुपसून ठेवलेला. शेवटी मीच तो उपसला आणि खिडकीत ठेवला. नियमाप्रमाणे यंत्राला कोणतीही बाहेरची वस्तू लावायची नव्हती, आणि मी त्या दिवशी नियमाचा माणूस होतो.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी तारखात्यात परीक्षक होतो, ऑफिस नागपूरला. जंगलातल्या बहुतेक छोट्या पोस्टांत एकच बाबू पत्रंही बघायचा आणि तारही. अशा बाबूने तारेची परीक्षा पास केली की खातं त्याला सर्टिफिकेट द्यायचं आणि सर्टिफिकेट मिळालं की पगारात दरमहा भत्ता वाढायचा. माझ्याकडे स्वतःची तीन सर्टिफिकेटं होती. प्रत्येकाने पगार थोडा थोडा वर चढवला होता. तिन्ही फ्रेम करून घरी लावली होती. वय लहान होतं, एवढंच कारण सांगतो.

लटारीभाऊंकडे एकही नव्हतं. आलापल्लीच्या पुढच्या एका गावात ते पोस्ट सांभाळत. आधीचा तारबाबू हिवतापाने बेजार होऊन गेला तेव्हा नवा येईपर्यंत तार तुम्ही बघा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली होती. काम तारबाबूचं, पगार साध्या बाबूचा. आता वरून पत्र आलं होतं की सर्टिफिकेट नसलेल्यांनी पुढच्या महिन्यापासून यंत्राला हात लावायचा नाही. पास झाले तर भत्ता. नापास झाले तर यंत्र गेलं, आणि बदली. मुलगी वरोऱ्याला शिकत होती, तिचा खर्च या भत्त्यावर धरला होता, हे त्यांनी मला चहा देतानाच सांगून टाकलं होतं. लाच म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

परीक्षेची वेळ दुपारी एक ते दोन ठरवली. पोस्टाच्या भिंतीला लागून सागवानाचा डेपो होता आणि तिथे लाकूड चिरायचा वाफेवरचा आरा दिवसभर चाले. त्या गावात सगळी माणसं ओरडूनच बोलत. फक्त जेवणाच्या सुट्टीत आरा थांबे.

तार ऐकायची कशी, ते थोडक्यात सांगतो. साउंडर म्हणजे पितळेचा एक छोटा दांडा. तारेतून वीज आली की तो खाली आपटतो, थांबली की वर. दोन टकटकींमधलं अंतर कमी असेल तर बिंदू, जास्त असेल तर रेघ. त्यातून इंग्रजी अक्षरं. आवाज घड्याळापेक्षा थोडा मोठा. बाबू ऐकतो आणि लिहितो.

माझं परीक्षेचं यंत्र कातडी पेटीत असे. खाली हिरवं फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, पितळी टाचण्यांनी ठोकलेलं. टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून. दिसायला फार साहेबी. मी ते टेबलावर मांडलं आणि माझ्या कीवरून, म्हणजे तार पाठवायच्या दांडीवरून, पहिला उतारा पाठवायला लागलो.

लटारीभाऊंनी कागद समोर घेतला. डावा हात टेबलावर पालथा ठेवला. चार शब्द लिहिले, मग एक गाळला, मग दोन. कपाळावर घाम आला. उतारा संपला तेव्हा कागदावर शब्दांपेक्षा रिकाम्या जागा जास्त होत्या.

“काय झालं, लटारीभाऊ?”

“हो जी,” ते म्हणाले.

हे काही उत्तर नव्हतं. माझ्या मनात शंका आली. मी त्यांच्या पाठीमागे गेलो आणि किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. बाहेर काउंटरवर उभा असलेला डेपोचा मुनशी दचकला. लटारीभाऊ दचकले नाहीत. मी समोर येऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या पायाशी पडलेल्या किल्ल्या पाहिल्या आणि सगळं ओळखलं.

“कोयनेल जी,” ते हळू आवाजात म्हणाले. हिवतापावरच्या क्विनीनला तिकडे कोयनेल म्हणत. “तीन साल झाले. ताप उतरला, कान घेऊन गेला. मोठ्यानं बोललं तर समजते थोडं. बाकी मानसाच्या तोंडाकडे पाहून घेतो.”

“मग तारा कशा घेता?”

विचारलं, पण माझं उत्तर खिडकीत होतंच. साउंडरमागच्या डब्याने आवाज मोठा होतो, हे आम्हा तारवाल्यांना ठाऊक होतं. पत्र्याच्या डब्यावर खात्याची तार चालली होती! मी नापासाचा शेरा लिहायला पेन उघडलं.

मुनशीला राहवलं नाही. “साहेब, ह्यायची परीक्षा काऊन घेऊन राह्यले? आमच्या तारा तं बिनपरीक्षेच्याच बरोबर येतेत.”

“तुम्ही गप्प बसा,” मी म्हणालो.

तेवढ्यात डेपोचा भोंगा झाला आणि आरा सुरू झाला. भिंत थरथरली. माझे शब्द मलाच ऐकू येईनात. आणि नेमकं तेव्हाच टेबलाला स्क्रूने बसवलेल्या पोस्टाच्या जुन्या साउंडरचा दांडा हलायला लागला. चांद्याहून खरी तार येत होती. मी कान जवळ नेला. आऱ्याशिवाय काही नाही. तीन सर्टिफिकेटं आणि एक अक्षर नाही.

लटारीभाऊ कधीच खुर्चीत बसले होते. डावा हात टेबलावर पालथा, बोटं यंत्राशेजारी पसरलेली. डोळे अर्धे मिटलेले. उजवा हात लिहीत होता, सावकाश, एकसारखा, मुलीला पत्र लिहावं तसा. डबा खिडकीतच होता.

तार संपली. त्यांनी पोच दिली, कागद फाडला आणि माझ्यापुढे केला.

“तुमचीच हाय जी.”

माझ्याच नावाची होती. दिल्लीचे मोठे साहेब गुरुवारी नागपूरला पाहणीस येत आहेत, काम आटोपून ताबडतोब परत या. पूर्ण, एका अक्षराची चूक नाही.

मी ओरडून विचारलं, “डब्याशिवाय?”

“डबा लोकायसाठी हाय,” तेही ओरडले. “आवाज मोठा करते म्हनून सांगतो. मंग कोनी काई इचारत नाई. मले त्याचा उपेग नाई. मले टेबल सांगते.”

मी टेबलावर हात ठेवला. जुनं सागवान, आऱ्याने तेही थरथरत होतं. पण त्या थरथरीवर एक बारीक टोचणी वेगळी लागते, असं लटारीभाऊंचं म्हणणं. मला लागली नाही. मग मी माझ्या यंत्राकडे पाहिलं. त्याच्याखाली हिरवं, जाड, साहेबी फेल्ट होतं. टेबलापर्यंत काही पोचू नये, याचीच ती सोय होती.

टाचण्या उपसायला पाच मिनिटं लागली. यंत्र उघड्या लाकडावर घट्ट बसवलं आणि आरा चालू असताना दुसरा उतारा पाठवला. लटारीभाऊंनी सगळा घेतला. एक अक्षर चुकलं. ते पाठवताना माझाच हात घसरला होता, हे त्यांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं.

तरी माझं समाधान होईना. या माणसाच्या हातून एखाद्याच्या आजाराची तार चुकली तर? परतताना मी चांद्याला उतरलो आणि लटारीभाऊंकडच्या महिन्याभराच्या तारांच्या नकला तिथल्या प्रतींशी ताडून पाहिल्या. दोन चुका सापडल्या. दोन्ही चांद्याच्या.

नागपूरला ऑफिसात कुंड्यांना गेरू लावणं चालू होतं. आमच्या साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला. पहिला नापास कागद, दुसरा पास कागद, आणि शेरा: पहिल्या वेळी परीक्षकाने यंत्र चुकीचे बसवले होते.

“परीक्षक स्वतःची चूक लिहून देतो? पायंडा पडेल!”

“एकदाच लिहिली आहे, साहेब.”

“फेल्ट काढायचं काय कारण? खात्याचं फेल्ट आहे.”

“त्यांच्या ऑफिसात फेल्ट नाही. तारा त्याच टेबलावर येतात.”

“आणि मोठ्या साहेबांनी विचारलं तर?”

“ते फेल्टाबद्दल विचारतील?”

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. हाराची टोपली येत होती, आणि झेंडू कमी दिसत होता. त्यांनी घाईने सही केली आणि टोपलीमागे धावले. कानांबद्दल त्यांनी विचारलं नाही. फॉर्मात तसा रकानाही नव्हता. मीही बोललो नाही. आता सगळेच रिटायर झालो, म्हणून सांगतो.

फेल्ट मी पुन्हा लावलं नाही. पुढे माझ्या परीक्षांना पास होणारे जरा वाढले. साहेबांनी त्याचं श्रेय आपल्या नव्या सूचनापत्रकाला दिलं.

नोकरीतल्या तरुणांना मी अजून सांगतो की सर्टिफिकेट जरूर घ्या, पगार त्यानेच वाढतो. लटारीभाऊंचाही वाढला. त्यांचा तार घेण्याचा वेग मात्र होता तेवढाच राहिला, कारण काम ते आधीपासूनच करत होते.

भत्ता सुरू झाल्याचं त्यांनी मला कळवलं, तेही पोस्टकार्डाने. सर्टिफिकेट फ्रेम केलं नाही, डबा जागेवर आहे, मुलगी मजेत आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: तारेनं कळवनार होतो, पन तार महाग पडते.