बेटावरची चितळं

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीला आमच्या खात्याचा ट्रक घरच्या माणसांसकट आम्हाला धरणाच्या पाण्यातलं एक खडकाळ बेट दाखवायला घेऊन गेला. तिथे चितळं फार, असं ऐकून बायकोनं हौसेनं पुऱ्या तळून घेतल्या होत्या.

नावेतून उतरलो, दगड चढलो, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढी शांतता मला सोसेना. बसलो की लगेच उठत होतो.

"कावून असे करून राहिले? बसा न चुपचाप, जनावरं पळून जातीन," बायको म्हणाली.

मी तिच्यावरच खेकसलो.

तेवढ्यात झाडीतून चितळाच्या ओरडण्याचा एकच तीक्ष्ण आवाज आला. कारखान्यात क्रेनची घंटा झाली की डोक्यावरून ओझं येतंय समजून आधी वर पाहायचं आणि शेजारच्याला बाजूला ओढायचं, हे माझ्या हाडात बसलेलं. मी तेच केलं. बायकोचं मनगट धरून तिला खसकन मागे ओढलं आणि वर पाहत राहिलो. वर नुसतं आभाळ होतं.

"पाह्यले का? पाच-सहा होते, अगदी समोरून गेले!" ती म्हणाली.

मला एकही दिसलं नव्हतं. वाट दाखवायला सोबत आलेला नावाडी हसला. वर काय होतं, म्हणून विचारू लागला. मला संताप आला.

परतताना नावेत ती मला चितळांच्या अंगावरचे ठिपके कसे होते ते सांगत होती, आणि सुजलेलं मनगट पदराखाली झाकून घेत होती.