दुर्गेश्वरीनं लपवलेली बटणं

देवरीत तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सगळे मले सुशिलाकाकू म्हणतात, आणि तोंडानं खराब आहे असंबी म्हणतात. म्हणू द्या. कधी नेट जाते, कधी लाइन जाते, कधी सर्व्हर झोपते, आणि समोर सकाळपासून उपाशी आलेला माणूस राहते. गोड बोलून सेंटर चालवून दाखवा म्हणा मले कोणी. पण आज मी आपलं नाही, दुर्गेश्वरीचं सांगून राहिली.

दुर्गेश्वरी माझी ऑपरेटर. पहिल्यापासून माझ्याजवळच आहे. बाप अंथरुणाले खिळला तेव्हा दोन बहिणी लहान होत्या. दोघींची लग्नं हिनं लावली. हिचं कोणी लावाचं, ते मंग राहूनच गेलं. आता माय आणि ही, दोघीच राहतात. कोणी लग्नाचं काढलं का ही म्हणते, "काकू, प्रिंटरमधला कागद संपला." विषय खतम.

तिचं काम पाहाले लोक काउंटरवर वाकून उभे राहतात. माउसले ती हात लावत नाही. मशीनवर हरेक साइटचा शॉर्टकट तिनं बनवून ठेवला आणि हरेकाले एक बटन बांधून दिलं. कंट्रोल, अल्ट आणि एक अक्षर दाबलं का दाखल्याची साइट समोर. दुसरं अक्षर दाबलं का धानाची नोंदणी. चुकून पान बंद झालं तं दोन बोटांत परत आणते. लंब्या यादीत गावाचं नाव चुकलं असलं तं सगळीकडचं एकदमच बदलून टाकते. दुसऱ्या सेंटरवर साइट उघडत राहते, तोपर्यंत आमचा माणूस कागद घेऊन बसस्टँडवर पोचते.

शिकवाले बी कडक. आधी दुसऱ्या मशीनवर रुची नावाची पोरगी होती. तिले दुर्गेश्वरीनं आठ-दहा दिवसांत तयार केलं. रुचीचा हात माउसकडं गेला का ही पट्टीनं टकोरा मारे. एक दिवस तं माउस पर्समध्ये घालून घरीच घेऊन गेली. रुची रडली, पण शिकली. मंग रुचीचं लग्न झालं, ती गेली, आणि तिच्या जागेवर इंद्रकुमार आला.

इंद्रकुमार चिचगडचा. घरी थोडीशी धानाची शेती, उन्हाळ्यात रानातून बिडीचा तेंदूपत्ता तोडणं. कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा सरळ टुरा. टुरा म्हणते मी, पण तिशी गाठली होती त्यानं. दुर्गेश्वरीहून दोन-तीन वर्षांनी लहान. टायपिंग बरी होती त्याची, पण बाकी सगळं माउसनं. एक फाइल शोधाची तं हे उघड, ते उघड, खाली जा, वर ये. पाहणाऱ्याचा जीव जाय.

पहिल्याच आठवड्यात त्यानं हाक मारली, "मॅडम, एक मिनिट या न."

दुर्गेश्वरी उठली. त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली, खांद्यावरून डावा हात पुढं केला, दोन बटणं दाबली. काम झालं.

"जादू आहे बाप्पा तुमच्या हातात," तो हसून म्हणला.

ती बी हसली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. कोणती बटणं, ते नाही सांगतलं. मले वाटलं, घाईत असन. पण मंग रोजचंच झालं. दिवसातून कितीकदा तो हाक मारे, "मॅडम, एक मिनिट." आणि ही रांगेतला माणूस सोडून उठे. तो पडद्याकडं पाहे. ही त्याच्या डोक्यावरच्या भोवऱ्याकडं पाहे. बटणं दाबून झाली तरी एखादा श्वास तशीच उभी राहे, मंग परत येई.

मी चिडली. एक दिवस तो जेवाले गेला होता, तं मी धरलंच तिले. "काऊन वं, रुचीले आठ दिवसांत शिकवलं. याले वरीस झालं. इतका ढ आहे का हा?"

"ढ नाही, काकू."

"मंग सांगत काऊन नाहीस? कागदावर लिहून भिंतीले चिकटव. तुझी बी उठबस वाचन."

ती आपल्या पडद्याकडं पाहत होती. म्हणली, "शिकला तं बोलावणार नाही."

मी तिच्यासाठी चहा सांगतला. माझ्यासारखी बाई भांडता भांडता चहा सांगते म्हणजे काय, ते देवरीत कोणालेबी विचारा.

तुम्ही म्हणाल, त्यानं मोबाइलवर शोधलं असतं तरी सगळी बटणं सापडली असती. सापडली असती न. पण हाकेवर माणूस असला का मोबाइलले कोण विचारते? त्याले तिची सवय झाली होती. तिले त्या हाकेची. ज्या दिवशी तो सुट्टीवर राहे, त्या दिवशी ही कामं फटाफट उरकून रिकामी बसे आणि माझ्यावर उगाच खेकसे.

मी तिले म्हणलं, "त्याच्या घरी मी बोलू का? समाज एक, गाव जवळ. वयाचं काय, दोन वर्षांनं आभाळ कोसळत नाही."

तिनं माझा हात घट्ट धरला. "नका बोलू, काकू. तुम्ही विचाराल आणि तो नाही म्हणला तं? मंग तो मले हाकबी मारणार नाही. आहे तेवढं राहू द्या न मले."

मी नाही बोलली. मले वाटलं, असंच चालन. दोघंबी इथंच आहेत, आज नाही तं उद्या त्याच्या डोक्यात उजेड पडन.

मंग त्या उन्हाळ्यात गोंदियाची जागा निघाली. एका मोठ्या खासगी दवाखान्यात ऑफिसचं काम, कायमची नोकरी. लेखी झाली, त्यात इंद्रकुमार पास. राहिली कॉम्प्युटरची परीक्षा. एक भलीमोठी यादी देणार, ठरल्या वेळात दुरुस्त करून, लावून, छापून द्याची. माउसनं तो जन्मात पुरी करू शकला नसता. त्याले बी ते माहीत होतं.

"मॅडम, मले सगळं शिकवा न," तो म्हणला. "तुम्ही शिकवलं तं मी पास, नाही तं गेलो."

"उद्या," दुर्गेश्वरी म्हणली.

दुसऱ्या दिवशीबी उद्या. तिसऱ्या दिवशी तिची दाढ दुखून राहिली होती. मी सगळं पाहून राहिली होती आणि मले तिचंच बरोबर वाटून राहिलं होतं. मी तं सरळ म्हणलं, "नको शिकवू. नापास झाला तं इथंच राहते. मले बी ऑपरेटर कुठं भेटते?"

त्याच दुपारी इंद्रकुमारची माय दाखल्याले आली. याच्या बापाचे गुडघे गेले होते, तरी तेंदूपत्त्याले रानात जाऊन राहिला होता. माय दुर्गेश्वरीच्या समोरच्या बाकावर बसली आणि म्हणली, "बाई, माझा टुरा तुमचंच नाव घेत राहते. मॅडम शिकवणार आहे म्हणे. तो लागला तं त्याच्या बापाले पुढच्या साली रानात जा लागणार नाही."

दुर्गेश्वरीनं तिचा दाखला काढून दिला, पाणी दिलं, दारापर्यंत सोडाले गेली. परत आली ते सरळ इंद्रकुमारच्या मशीनजवळ. माउस ओढून काढला आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकला. त्याले म्हणली, "माझ्या हाताकडं पाहा. पडद्याकडं नाही."

तेंदूपत्त्याचे दिवस होते. गावंच्या गावं पहाटेपासून रानात, आमच्या सेंटरवर माशी बी नाही. ही प्लास्टिकची खुर्ची ओढून दिवसभर त्याच्या बाजूले बसे. कानात नवे झुमके घालून येऊ लागली. हसाची, रागवाची, त्याच्याही बोटांवर पट्टी माराची. इतकी खुश मी तिले कधी पाहिली नव्हती. तो सारा दिवस तिच्या हाताकडं पाहून राहिला होता, आणि मी काउंटरवर बसून मनात म्हणून राहिली होती, आता तरी पाह्य रे डोळे उघडून. पण त्याले बटणंच दिसली.

मी तिले कानात म्हणलं, "सगळी नको सांगू. दोन-चार ठेव आपल्यापाशी." तिनं ऐकलं बी. एका दिवशी एक बटन नाही सांगतलं, मले डोळ्यानं खुणावलं. संध्याकाळी तो चिचगडच्या बसले निघाला. ही पाणी पीत होती. ग्लास तसाच ठेवला आणि मागं धावत गेली. मी दारातून पाहिलं. भर रस्त्यावर उभी राहून, हवेतच बोटं दाबून, त्याले ते बटन सांगून राहिली होती. मले इतका राग आला का मी शटर अर्धं खाली ओढून घेतलं.

तो पास झाला. पेढे घेऊन आला. पहिला पेढा मले दिला, दुसरा तिच्यासमोर धरला, आणि मंग वाकून तिचे पाय धरले. "मॅडम, तुम्ही माझ्या गुरू," म्हणला. तिनं पाय मागं घेतले तं मागं प्रिंटर. सरकाले जागाच नव्हती. "खुश राहा," म्हणली. दुसरं काय म्हणन बिचारी?

सुरुवातीले गोंदियावरून फोन येत. "मॅडम, त्या यादीतल्या रिकाम्या ओळी काढाच्या कशा?" ही हातातलं सोडून सांगे, आणि सांगून झालं तरी विचारे, "आणखी काही अडलं का?" त्याचं दिवसेंदिवस कमी अडू लागलं. पावसाळ्यात हप्त्यातून एखादा फोन, दिवाळीपर्यंत तोबी बंद. तिनं इतकं पक्कं शिकवलं होतं का विचाराले काही उरलंच नव्हतं. ही मात्र फोन कीबोर्डच्या बाजूले उघडा ठेवूनच काम करे. नवीन ऑपरेटर ठेवू का, मी विचारलं. "ठेवा," म्हणली, "पण त्या मशीनवर नका बसवू. तिथलं स्पेसचं बटन अडकते." काही अडकत नव्हतं.

धान कापून झालं आणि एका सकाळी त्याचा मले फोन आला. "काकू, उद्या येऊन राहिलो. सेंटरवर थोडं काम आहे." मी मूर्ख, आधी काम काय ते विचारावं का नाही? धावतच तिले सांगतलं. दुसऱ्या दिवशी ती झुमके घालून आली. ते मशीन पुसलं, कीबोर्ड उलटा करून झटकला, खुर्ची नीट लावली.

तो आला, अंगानं भरला होता, चांगला दिसत होता. दारातूनच म्हणला, "काकू, लग्न जमलं माझं. सालेकशाची मुलगी आहे, प्राची नाव. पत्रिकेचा मजकूर तयार कराचा आहे, प्रेसवाला आजच मागून राहिला."

मी दुर्गेश्वरीकडं पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

तीच बोलली. अर्धी उठली आणि म्हणली, "द्या, मी देते करून."

"नाही मॅडम, तुम्ही बसा. मले येते सगळं. तुम्हीच तं शिकवलं."

तो त्या खुर्चीवर बसला. माउस होता बाजूले, त्यानं तो बाजूलेच सारला. मंग बटणं वाजू लागली. दुर्गेश्वरीचीच चाल होती ती. डावा हात तसाच तिरपा, आणि काम झालं का अंगठा तसाच वर. आमच्याजवळच्या एका जुन्या पत्रिकेतला मजकूर त्यानं उचलला, जुनी नावं गेली, नवी आली, ओळी मधोमध बसल्या. ही आपल्या मशीनसमोर बसून होती. तिच्यापुढं एक बाई फॉर्म घेऊन उभी होती, पण हिची बोटं कीबोर्डवर नुसती ठेवलेली होती. ती ऐकून राहिली होती. कुठं तरी तो थांबन, कुठं तरी अडन आणि म्हणन, मॅडम, एक मिनिट. मी बी ऐकून राहिली होती.

तो कुठंच अडला नाही. चहा येण्याआधी पत्रिका छापून झाली.

कागद घेऊन तो तिच्याजवळ आला. "पाहा बरं मॅडम, काही चुकलं आहे का."

तिनं कागद दोन्ही हातांत धरला. वरून खालपर्यंत वाचला. मंग परत वरून. एवढीशी पत्रिका, पण ती वाचतच राहिली. पहिल्यांदा मले वाटलं, ती रडू आवरून राहिली. मंग मले समजलं, ती खरंच चूक शोधून राहिली होती. एखादी जरी सापडली असती तं तिले उठून त्याच्या खुर्चीमागं उभं राहता आलं असतं.

"नाही," शेवटी ती म्हणली. "सगळं बरोबर आहे."