कंपाउंडर पुढे, नर्सबाई मागे

घर बघायला जाताना नर्सबाई कुत्र्याला पुढे घालत. फाटकापाशी आधी तो दिसायचा, तांबूस, एक कान मोडलेला. त्याच्यामागून फिक्या सुती साडीतल्या बाई. घरमालक दार उघडून आधी कुत्र्याकडे बघायचा, मग बाईंकडे, आणि बरीचशी घरं तिथेच संपायची. आधी एकट्या जा, बोलणं होऊ द्या, कुत्र्याचं मागाहून सांगता येईल, असं मी सुचवून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "राहाचं दोघायले हाये, तं दाखवाचं बी दोघायले."

अमरावतीत आम्ही एकाच इमारतीत भाडेकरू होतो. त्या तळमजल्यावर, मी वर. मी तेव्हा एका दैनिकात छोट्या जाहिरातींचं पान बघत असे. बाईंनी कौंडण्यपूरकडच्या एका खेड्यात, उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. दारावर नावाची पाटी होती, पण गल्लीत कुणी ती वाचत नसे. सगळ्यांसाठी त्या नर्सबाईच होत्या. कुणाचं लेकरू तापलं की आई त्याला उचलून त्यांच्याकडे आणायची. इंजेक्शन देण्याआधी त्या सांगत, "थोडं दुखन. मंग झालं." हे वाक्य त्यांनी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं असावं की ते इतर गोष्टींनाही लागू होऊन गेलं होतं. मुलीची पाठवणी करून रडत बसलेल्या शेजारणीलाही त्यांनी तेच सांगितलेलं मी ऐकलं आहे.

कुत्र्याचं नाव कंपाउंडर. ते त्यांनी ठेवलं नव्हतं. पिल्लू असताना तो उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसू लागला. येणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचा, एकदा भुंकायचा आणि बाजूला व्हायचा. भाजीच्या मळ्यांवरून येणाऱ्या बायका म्हणायच्या, "कंपाउंडरनं सोडलं आत, आता बाई पाहतीन." बाई निवृत्त झाल्या तेव्हा गावातल्या एका माळ्याने आपल्या भाजीच्या टेम्पोत त्यांचं सामान घातलं. वांग्यांच्या कॅरेटमध्ये जागा करून कंपाउंडरलाही बसवलं.

तो टेम्पो आधी अकोल्याला गेला होता. तिथे त्यांची पुतणी राहते. तिच्या गल्लीत एक खोली मिळत होती, पण जनावर चालणार नाही अशी मालकाची अट होती. पुतणी म्हणाली, "आत्या, तू आधी राहाले ये. कुत्र्याले मागून आनू. एकदा राहाले लागलं की कोन काढते?" बाईंनी ते ऐकलं. कंपाउंडर मागच्या दाराने आला आणि मागच्याच खोलीत राहिला.

सरकारी दवाखान्यांतून एक जुनं चित्र असायचं. पांढरी टोपी घातलेली नर्स, ओठांवर बोट. तसं एक उपकेंद्राच्या भिंतीवरही होतं. बाईंनी त्या नर्ससारखं करायला सुरुवात केली. कंपाउंडर भुंकला की एक हात त्याच्या तोंडावर आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर. काही दिवसांनी हात लागेना, नुसतं बोट पुरलं. मग बोटही लागेना. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि गप्प राहायचा. शेवटी गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने त्याला खिडकीत पाहिलं. मालकाने खोली सोडायला सांगितली. कंपाउंडरचं भुंकणं मात्र परत आलं नाही.

हे त्यांनी मला चहा गाळता गाळता सांगितलं. "चोरासारखं ठेवलं मी त्याले. खोली बी गेली न् त्याचा आवाज बी गेला." एवढं बोलून कप माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून कुत्रा पुढे.

अमरावतीच्या इमारतीचे म्हातारे मालक कुत्र्याबद्दल काही बोलत नसत. ते गेले आणि मुलांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं. मला घर सहज मिळालं. बाईंना मिळेना. बहुतेक घरमालकांना त्या आवडायच्या. पेन्शन आहे, एकट्या आहेत, मांस-मच्छी नाही, रात्री-बेरात्री येणं-जाणं नाही. हे सगळं विचारून झाल्यावर नजर खाली जायची. "बाकी सारं जमते बाई, पन हे..." मग प्रश्न यायचा, भुंकते का? "आता नाही भुंकत," त्या सांगायच्या. त्यातला 'आता' कुणाच्या लक्षात येत नसे. बाहेर आल्यावर त्या कंपाउंडरला म्हणायच्या, "थोडं दुखते. चाल."

जाहिरात द्यायला त्या आमच्या कार्यालयात आल्या. 'निवृत्त नर्स, सोबत एक कुत्रा, घर भाड्याने पाहिजे.' खिडकीवरच्या माणसाने कुत्रा गाळा असा सल्ला दिला. बाई म्हणाल्या, "काहून? पेपरवाले तुमी, न् खोटं मले शिकवता?" जाहिरात कुत्र्यासकट छापली. एकच फोन आला. कुत्रा विकायचा आहे का, असं विचारणारा.

जवळच्याच एका गल्लीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. मालकीणबाईंनी दारातच सांगितलं, "आमच्या घरी सोवळं असते, कुत्रं नाही चालत." त्यांच्या डोक्यावर, चौकटीला दत्ताची तसबीर होती. नर्सबाईंनी मान वर करून ती नीट पाहिली. "चार तं तुमच्या भिंतीवरच हायेत, ताई. हा पाचवा खाली राहीन." मालकीणबाई मोठ्याने हसल्या. चहा झाला, कंपाउंडरला बिस्किट मिळालं. खोल्या मिळाल्या नाहीत.

पुढे पितृपक्षात, इमारत अजून पाडली नव्हती तेव्हा, त्याच मालकीणबाई आमच्या दारात आल्या. त्यांच्या सासऱ्यांची तिथी होती. कावळ्याचा घास ठेवला, गाईचा दिला, कुत्र्याचा राहिला होता. गल्लीतली मोकाट कुत्री त्याच सुमारास कुणीतरी धरून नेली होती. "कंपाउंडरले घेऊन जाऊ का थोडा वेळ?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, बाई आता टोला देणार. पण त्यांनी दोरी सोडून हातात दिली. "न्या. तुमचे म्हातारे काहून उपाशी राहतीन?" कंपाउंडर त्या घराच्या पायरीवर पत्रावळीतली खीर आणि वडे खाऊन परत आला. उंबऱ्याच्या आत त्याला घेतलं नव्हतं.

शेवटी पुढच्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये खोली मिळाली. प्लॉट पाडलेले, घरं तुरळक, मधे गवत. मालक शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी. प्लॉटवर कुणीतरी राहावं एवढंच त्यांना हवं होतं. कुत्रा बघून कुणी खूश झालेलं आम्ही प्रथमच पाहिलं. "हे तं लय चांगलं झालं. राखन होईन."

"हा भुंकत नाही, भाऊ," बाईंनी सांगितलं.

"लोकायले का माईत हाये?" व्यापारी म्हणाले आणि किल्ली दिली.

तिथे त्या एक पावसाळा आणि एक हिवाळा राहिल्या. दारात शेवंती लावली. मी सुट्टीला जात असे. कंपाउंडर मोकळा हिंडायचा. अनोळखी माणूस दिसला की कान उभारून थांबायचा. तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. बाई सांगायच्या, "भुंक की रे. इथं कोनाचं भेव हाये?" तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा.

उन्हाळ्याच्या तोंडी त्या न्हाणीत घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. फोन पुढच्या खिडकीत चार्जिंगला होता. हाका मारल्या, पण सगळ्यात जवळचं घर हाकेच्या पल्ल्याबाहेर होतं. दुपार गेली, रात्र गेली. सकाळी दूधवाल्याला पायरीवर कंपाउंडर दिसला नाही, म्हणून त्याने दार ढकललं. मी पोचलो तेव्हा पलीकडच्या घरातल्या बाई लोकांना सांगत होत्या, "पाण्याले मी दोनदा बाहेर आली. कुत्र्याचा आवाज आला असता तं धावली असती ना. कुत्रं हाये घरात, न् आवाज नाही?"

दवाखान्यात बाई शुद्धीवर होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पडल्याबरोबर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, आता छातीत कफ झाला आहे. बाईंना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी आयुष्यभर असे रोगी पाहिले होते.

"मी त्याले म्हनलं, भुंक बाबा," त्या म्हणाल्या. "लय डाव म्हनलं. तो माह्या तोंडाकडे पाहे. माह्या हाताले चाटे." सलाईन नसलेला हात त्यांनी ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. "गप राहाचा इशारा शिकवला मी त्याले. बोलाचा नाही शिकवला."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"त्याले कोन ठेवन?" त्यांनी विचारलं.

त्या गेल्या त्या दिवशी पुतणी अकोल्याहून आली. खूप रडली. कुत्र्याचं विचारल्यावर म्हणाली, "दादा, आमी बी भाड्यानंच राहतो." ते खरं होतं. कंपाउंडरला मी आणलं. माझ्या घरमालकांनी नवीन जागा बघायला सवड दिली आणि त्या सवडीत एकदाही तक्रार केली नाही, हे नोंदवलं पाहिजे.

मी घरं बघायला लागलो. कंपाउंडर पुढे, मी मागे. नर्सबाईंना मिळालेली सगळी उत्तरं मला त्याच क्रमाने मिळाली. गेल्या आठवड्यात एका निवृत्त गृहस्थांनी दार उघडलं. कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भुंकते का?"

"नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही?"

"नाही."

त्यांना खात्री पटेना. त्यांनी फाटकाची कडी जोरात वाजवली, पाय आपटला. कंपाउंडरने कान उभारले, मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वा," गृहस्थ म्हणाले. "असं कुत्रं असलं तं काही हरकत नाही. कोनं शिकवलं याले?"

मी नर्सबाईंचं नाव सांगितलं, पूर्ण, दारावरच्या पाटीवर होतं तसं. ते त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांनी फाटक उघडलं आणि कंपाउंडर आधी आत गेला.