उतरलेल्या सेलचं गाणं

नवापूरच्या पलीकडच्या डोंगरात इमॅन्युएल गाणार म्हटलं, की आधी रुमाल काढावा आणि मग बसावं. माणूस गवंडी, हात कायम सिमेंटचे. पण गळा असा घोगरा, संथ आणि जड, की प्रार्थनेला पेंगायला आलेलेही डोळे पुसत घरी जात.

हा गळा आला कुठून, तर एका कॅसेटवरून. तरुणपणी बाजारात जुन्या सामानात मिळालेली. गाणारा परदेशी, आणि इंग्रजी याला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो गडी एकेक सूर असा ओढायचा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. इमॅन्युएलने त्या चाली उचलल्या, त्यांवर आपल्या बोलीतली भजनं बसवली, आणि आसपासच्या लग्नांत पाठवणीचं गाणं कायमचं त्याच्याकडे आलं.

आता पाठवणी होती त्याच्याच एस्तेरची. बापाला खूश करावं म्हणून पोरीने तोच गायक मोबाईलवर शोधून ऐकवला. अरे देवा! गाणारा तोच, गाणं तेच, पण आवाज पातळ आणि ठेका असा, की बसल्या जागी पाय हलावेत. इमॅन्युएल टेपमध्ये सेल घालायचा ते टॉर्चमधले, पार उतरलेले. टेप रडतखडत फिरायचा, म्हणून आवाज जड आणि गाणं संथ, आणि हा पठ्ठ्या जन्मभर सेलचं दुखणं गात आला होता! तो शरमेने अर्धा झाला. लग्नात मी गाणार नाही, त्याने सांगून टाकलं.

लोक ऐकतात थोडंच! मांडवात आग्रह सुरू झाला, तसा तो उठला आणि मोबाईलमधल्यासारखं भराभर म्हणू लागला. वऱ्हाडी निवांत वरणभात ओरपत राहिले. एस्तेर मान खाली घालून बांगड्या चाळवत होती. बाप गाईल तेव्हाच पोटभर रडायचं, म्हणून तिने सकाळपासून रडू धरून ठेवलं होतं.

त्याची बायको रूपीबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "हे त्याचं गाणं. तू तुझं म्हण, उतरलेल्या सेलचं."

इमॅन्युएल थांबला. मग पहिली ओळ त्याने पुन्हा धरली, सावकाश, खोलातून. जेवणारे हात पानातच थबकले. एस्तेर रडली, नवरदेव रडला, आणि गाडीचा ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं टेकून सगळ्यांहून जास्त रडला.

निघताना एस्तेरने टेप मागितला. बापाने तो तिच्या मांडीवर ठेवला. गाडी सुरू झाली तसा तो खिडकीशी वाकला.

"बाई, यात नवे सेल घालू नकोस."